बदलापूर, तळोजा की डोंबिवलीच?

एका वाचक ताईंचं पत्र आलंय. नाव-गाव गाळून थोडक्यात देते. त्यांचं वय ३७, नोकरी ठाण्यात, मिस्टरांचं ऑफिस ऐरोलीला. डोंबिवली पूर्वेला सासऱ्यांनी १९९१ साली घेतलेला वन बीएचके आहे, त्यात सासूबाई, हे दोघं आणि सहावीतली मुलगी. जागा पुरत नाही म्हणून टू बीएचके बघतायत. बदलापूर पश्चिमेला तयार फ्लॅट ५४ लाखांना मिळतोय. तळोज्याला बांधकाम चालू असलेला ७४ लाखांना आहे, ताबा २०२८ च्या शेवटी. ठाकुर्लीला दहा वर्षं जुन्या बिल्डिंगमधला रिसेलचा ७१ लाखांना आहे, पण तो तिघांतला सगळ्यात लहान. हातात नऊ लाख आहेत, आणि एजंटने सांगितलंय की राहता फ्लॅट अडतीसला सहज जाईल. मिस्टर म्हणतात नवी मुंबई विमानतळ सुरू झालाय, तळोजा पाच वर्षांत डबल होणार, आत्ता नाही घेतलं तर कधीच नाही. सासूबाई म्हणतात मी डोंबिवली सोडणार नाही. ताई विचारतात, "भाव कुठे जास्त वाढेल तेवढं सांगा, तिथे घेतो."

ताई, नमस्कार.

पत्र तीनदा वाचलं. तुम्ही तिन्ही नव्या घरांबद्दल पानभर लिहिलंय, मजला, व्ह्यू, क्लबहाऊस, किचनची दिशा सुद्धा, आणि ज्या घरात बसून हे पत्र लिहिलंत त्याबद्दल एकच ओळ आहे, एजंटने अडतीस सांगितलेत. मी सोळा वर्षं एका बँकेत होम लोनच्या टेबलावर होते, त्या अनुभवाने सांगते, तुमचा सगळा हिशोब त्या एका ओळीवर उभा आहे आणि ती ओळ कुणी तपासलेली नाही. म्हणून मी तिथून सुरुवात करणार आहे, थोडा धीर धरा.

बिल्डिंग पस्तीस वर्षांची. तिला ओसी, म्हणजे पालिकेचा राहायला परवानगी देणारा दाखला, आहे का? सोसायटी रजिस्टर आहे का, आणि असेल तर जमिनीचं कन्व्हेयन्स, म्हणजे जमीन सोसायटीच्या नावावर करणं, झालंय का, की सातबाऱ्यावर अजून मूळ मालकाचंच नाव आहे? फ्लॅट सासऱ्यांच्या नावावर होता तर त्यांच्यानंतर सोसायटीच्या शेअर सर्टिफिकेटवर कुणाचं नाव लागलं, आणि सासूबाईंशिवाय आणखी वारस आहेत का, नणंद, दीर? हे विचारतेय कारण तुमचं घर बघायला जो माणूस येईल त्याच्याकडेही रोख अडतीस लाख नसणार, तोही लोनच काढणार. बँकेचा वकील कागद बघेल, व्हॅल्यूअर बिल्डिंग बघेल. ओसी नाही, कन्व्हेयन्स नाही, बिल्डिंग जुनी, असं असलं की बँक एकतर नाही म्हणते किंवा कमी रकमेचं, कमी वर्षांचं लोन देते, आणि मग घेणारे उरतात फक्त रोखीवाले, ते पाडूनच मागतात. एकाच गल्लीतल्या, एकाच वर्षी बांधलेल्या दोन बिल्डिंगांच्या फाईली माझ्या टेबलावर आल्यात, भिंती सारख्या, स्टेशन तेवढंच लांब, आणि भावात चार-पाच लाखांचा फरक, तो फक्त कागदाचा.

हे उलट बाजूनेही लागू आहे. कागद नीट असतील, प्लॉट बरा असेल आणि समोरचा रस्ता पुरेसा रुंद असेल तर तुमची बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला जाऊ शकते, आणि तसं असेल तर आज घाईने विकणं म्हणजे पिकायला आलेला आंबा उतरवून देणं. डोंबिवलीत खूप बिल्डिंगा ह्याच वयाच्या आहेत, सगळ्यांचं होईल असं नाही, अरुंद गल्लीतल्या कितीतरी वर्षानुवर्षं अडकून पडल्यात. पण तुमची कुठल्या गटात आहे हे तरी कळायला हवं. कन्व्हेयन्स झालेलं नसेल तर २००८ च्या कायदा दुरुस्तीने सोसायटीला डीम्ड कन्व्हेयन्सचा हक्क दिलाय, बिल्डर किंवा जमीनमालक सही करत नसला तरी जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करता येतो. सोसायटीत कुणीतरी पुढाकार घ्यावा लागतो एवढंच. तुमच्यासारख्या हजारो घरांत लोक नवीन घराच्या साइट व्हिजिटला चार रविवार घालवतात आणि ह्या अर्जासाठी एक मीटिंग होत नाही, ह्याचं मला खरंच वाईट वाटतं.

आता "भाव कुठे वाढेल" हा प्रश्न. पाच वर्षांत डबल म्हणजे वर्षाला जवळपास पंधरा टक्के, दरवर्षी, न चुकता. दहा वर्षांत डबल झालं तरी लोक खूश होतात ना, ते वर्षाला सव्वासात टक्के पडतं, आणि साडेआठ टक्क्याने लोन घेतलं तर व्याज त्याहून जास्त वेगाने पळतंय. मी स्वतः २०१० साली पनवेलच्या पुढे फ्लॅट घेतला होता, चोवीस लाखांना, ह्याच विमानतळाच्या नावावर. ताबा तीन वर्षं उशिरा मिळाला, २०२० ला विकला एकेचाळीसला. घरी पेढे वाटले गेले, सतरा लाख सुटले म्हणून. मी रात्री वही काढून बसले, तर वाढ वर्षाला साडेपाच टक्के आणि त्यातली बरीचशी वर्षं लोन दहाच्या आसपास. खूप दिवस ते मनाला लागून राहिलं होतं, कारण दुसऱ्यांच्या फाईली मी रोज तपासत होते आणि स्वतःच्या वेळी नकाशावरच विश्वास ठेवला होता.

चूक कुठे झाली ते सांगते. विमानतळाला केंद्राची तत्त्वतः मंजुरी २००७ ची, भूमिपूजन फेब्रुवारी २०१८ ला, उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ ला आणि २५ डिसेंबर २०२५ पासून विमानं उडायला लागली. म्हणजे मंजुरी ते पहिलं विमान अठरा वर्षं, आणि त्या अठराही वर्षांत प्रत्येक ब्रोशरवर विमान छापलेलं होतं. तळोज्याला जाणारी बेलापूर-पेंधर मेट्रो घ्या, काम २०११ ला सुरू झालं, गाडी धावली १७ नोव्हेंबर २०२३ ला. ह्याचा अर्थ प्रकल्प होत नाहीत असा नाही, झाले, अटल सेतूही जानेवारी २०२४ ला सुरू झाला. पण त्या बातमीचे पैसे बिल्डर पहिल्याच दिवशी भावात लावतो, तुम्ही येईपर्यंत ते ७४ लाखांत बसलेले असतात. फायदा बिल्डरने आधीच घेतला, वाट बघायचं काम तेवढं तुमच्याकडे दिलं.

मग खरा भाव ओळखायचा कसा? मी एक साधी गोष्ट करायला सांगते, भाडं विचारा. भाडेकरू कधीच दहा वर्षांनंतरच्या मेट्रोचे पैसे देत नाही, तो आजची लोकल, आजचं पाणी, आजची शाळा आणि आजचा वास बघून पैसे देतो. त्याच कॉम्प्लेक्समधल्या किंवा शेजारच्या तयार बिल्डिंगमधल्या टू बीएचकेला आज काय भाडं येतं ते तीन एजंटांना विचारा, आणि घ्यायला आलोय असं सांगू नका, आमचा फ्लॅट भाड्याने द्यायचाय असं सांगा, मग आकडा खरा येतो. बारा महिन्यांचं भाडं भागिले फ्लॅटची किंमत, तिन्ही जागांसाठी काढा. जिथे हे प्रमाण फारच कमी येईल तिथे तुम्ही घराचे कमी आणि आशेचे जास्त पैसे मोजताय. विमानतळाचंही तसंच. तिथे कामाला लागलेल्यांना राहायला जागा लागणार, ती माणसं आधी भाड्यानेच बघणार, म्हणून भाडी चढायला लागली की समजा आता खरंच काहीतरी बदलतंय. भाडी जागच्या जागी आणि विक्रीचा भाव वर, असं दिसलं तर थांबा.

तळोज्याबद्दल आणखी दोन गोष्टी. एक, तिथे घरं खूप आहेत आणि अजून खूप होतायत, सिडकोची हजारोंनी आणि खाजगी टॉवर वेगळे. उद्या तुम्ही विकायला काढाल तेव्हा त्याच बिल्डिंगमधले आणखी सहा जण विकायला बसलेले असतील आणि बिल्डर शेजारी फेज टू मध्ये नवा कोरा फ्लॅट ऑफरमध्ये देत असेल, तर तुमचा वापरलेला कोण जास्तीने घेणार? उपनगरातल्या भावांबद्दल लोक रस्ते-मेट्रो सगळं बोलतात, पण बाजूला मोकळी जमीन किती पडलीये हे कुणी बघत नाही. दुसरी गोष्ट, तळोजा एमआयडीसी. केमिकलचा वास येण्याच्या तक्रारी खारघर-कळंबोलीपर्यंत वर्षानुवर्षं आहेत, आणि त्या जास्त करून रात्री-पहाटेच्या आहेत. साइट व्हिजिटला तुम्ही जाता रविवारी सकाळी अकराला. एकदा थंडीत रात्री दहानंतर जाऊन या, मुलीला घेऊन जा.

आणि तळोज्याच्या हिशोबात तुमच्याकडून एक खर्च राहिलाय. ७४ लाखांवर ५ टक्के जीएसटी, स्टॅम्प ड्युटी सहा-सात टक्के, रजिस्ट्रेशनचे तीस हजार, हे सगळं धरून साडेआठ ते नऊ लाख वर जातात. म्हणजे घर ८३ ला पडलं, भाव बारा टक्के चढेल तेव्हा कुठे तुम्ही आहात तिथे परत येता, आणि ह्यात व्याज धरलंच नाहीये. शिवाय पैसे उभे करायला डोंबिवलीचा फ्लॅट आत्ता विकायचा आणि ताबा २०२८ च्या शेवटी, मग मधल्या काळात चार माणसं राहणार कुठे? महिना पंधरा हजार भाडं धरलं तरी अडीच वर्षांचे साडेचार लाख, ते कुठेच लिहिलेले नाहीत. आणि समजा अडतीसच्या जागी फ्लॅट तीसलाच गेला तर लोन छत्तीसचं चव्वेचाळीस होतं, वीस वर्षांसाठी साडेआठ टक्क्याने हप्ता साधारण एकतीस हजारांवरून अडतीसवर जातो. म्हणून म्हटलं, त्या एका ओळीवर सगळं उभं आहे.

बदलापूर. बदलापूरला वाईट म्हणणारी मी नाही, हवा चांगली, तेवढ्याच पैशात खोली मोठी मिळते, आणि मराठी माणसांनी कष्टाने उभं केलेलं गाव आहे. पण तुमचा दिवस बघा. डोंबिवलीहून ठाणं वीस-पंचवीस मिनिटं, चुकली गाडी तर मागून दुसरी येते. बदलापूर सीएसएमटीपासून अडुसष्ट किलोमीटर, तिथून ठाण्याला पाऊण तास ते तास धरा, आणि एक लोकल गेली की पुढचीसाठी बराच वेळ थांबायचं. कारण कल्याणला लाईन फुटते, अर्ध्या गाड्या कसाऱ्याकडे, अर्ध्या कर्जतकडे, आणि पुढे बदलापूरकडे दोनच ट्रॅक, त्यावरूनच लोकल, त्यावरूनच पुण्याकडची मेल-एक्स्प्रेस, त्यावरूनच मालगाड्या. कल्याण-बदलापूर तिसरी-चौथी लाईन होतेय, ती सुरू झाली की चित्र नक्की बदलेल, पण ठाणे-दिवा पाचवी-सहावी लाईन पूर्ण व्हायला फेब्रुवारी २०२२ उजाडला होता आणि तिची वाट लोकांनी दहाहून जास्त वर्षं पाहिली, तेवढं लक्षात ठेवा. तुमच्या मिस्टरांना तर ठाण्याला उतरून परत ट्रान्सहार्बरची लोकल धरायचीय. दोघांचा मिळून रोज दोन-अडीच तास जास्तीचा प्रवास, आणि मुलगी सहावीत, म्हणजे पुढची चार वर्षं संध्याकाळी तिच्यासोबत कोण असणार? सासूबाई, ज्यांना तिथे यायचंच नाहीये.

तरी बदलापूरच ठरलं तर स्टेशनपासून चालत किती मिनिटं हे स्वतः चालून बघा, ब्रोशरमधली "पाच मिनिटं" बाईकची असतात, आणि रात्री साडेनऊला शेअर रिक्षा मिळते का तेही. आणि पश्चिमेला घेताय तर उल्हास नदी विसरू नका. २७ जुलै २०१९ ला महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये पुराच्या पाण्यात अडकली होती, हजाराहून जास्त प्रवाशांना बाहेर काढावं लागलं. नदीला निळी आणि लाल पूररेषा आखलेली असते, प्लॉट कुठल्या बाजूला येतो ते नगरपालिकेत विचारा, आणि त्याहून सोपं म्हणजे बिल्डिंगसमोरच्या जुन्या किराणावाल्याला विचारा की २००५ ला आणि २०१९ ला पाणी कुठपर्यंत आलं होतं, तो भिंतीवर हात ठेवून दाखवतो. पाण्याचं दुसरं टोकही बघा, नळाचं. मे महिन्यात टँकर किती येतात हे सोसायटीच्या हिशोबात टँकरच्या बिलांवरून कळतं, मेन्टेनन्सची पावती मागून घ्या. विरार-बोळींजला म्हाडाची हजारो घरं वर्षानुवर्षं विकली जात नव्हती, त्यामागे पाणी हे एक मोठं कारण होतं. सरकारी घर, कागद स्वच्छ, तरी लोकांनी घेतलं नाही, ह्यावरून पाण्याला भावात किती वजन आहे ते समजा.

आता सासूबाई. तुमच्या पत्रात त्या अडथळा म्हणून आल्यात. मला वाटतं घरात भावाचा अंदाज त्यांचाच सगळ्यात पक्का आहे, फक्त त्या तो भाव म्हणून सांगत नाहीत. फडके रोड, गणपतीचं देऊळ, ओळखीचा डॉक्टर, चालत अंतरावर भाजी, रात्री दवाखाना लागला तर रिक्षा, शाळा-क्लास सगळं पायी, हे उभं राहायला पन्नास वर्षं लागतात. म्हणून डोंबिवली-ठाकुर्लीत तेवढ्याच चौरस फुटांना लोक जास्त पैसे देतात, गर्दी असून, खड्डे असून देतात. तो फ्लॅट लहान आहे म्हणताय ना, तिन्ही फ्लॅटचा रेरा कार्पेट एरिया, म्हणजे घराच्या आतली खरी वापरायची जागा, एका कागदावर लिहा आणि किमतीला त्याने भागा. सेलेबल किंवा बिल्टअपचा आकडा कुणी सांगितला तर तो लिहूच नका. मला तरी असं दिसतंय की तळोज्याचा मोठेपणा बराचसा लोडिंगचा, म्हणजे जिना-लॉबी धरून फुगवलेल्या आकड्याचा, निघेल.

माझं मत विचाराल तर, मी ठाकुर्लीचा घ्यायला सांगेन. जीएसटी नाही, ताब्याची वाट बघणं नाही, राहत्या घरातून थेट त्या घरात जाता येतं, दोघांचा प्रवास वाढत नाही, आणि दहा वर्षांनी विकायचा झाला तर घेणारी माणसं तिथेच आजूबाजूला राहतायत, तुमच्यासारखीच, वन बीएचकेतून टू बीएचकेत जाणारी. ऐरोली-काटई रस्ता, पारसिकच्या डोंगरातून बोगद्याने जाणारा, तो पूर्ण झाला तर मिस्टरांना ऑफिस खूप जवळ येईल, पण तळोज्याला जो नियम लावला तोच इथे लावते, तो रस्ता आज हिशोबात धरायचा नाही.

पण ठाकुर्लीचाही डोळे झाकून नको. कल्याण-डोंबिवलीत पालिकेची बनावट परवानगी दाखवून महारेराचं, म्हणजे बिल्डरांच्या प्रकल्पांवर देखरेख करणाऱ्या सरकारी प्राधिकरणाचं, रजिस्ट्रेशन मिळवलेल्या ६५ बिल्डिंगा निघाल्या आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये हायकोर्टाने त्या पाडायचा आदेश दिला. त्यात घरं घेतलेल्यांनी लोनही काढलेली होती, रेरा नंबर बघूनच घेतलं होतं बिचाऱ्यांनी. म्हणून रेरा नंबर आहे, बँकेने लोन दिलंय, एवढ्यावर थांबू नका. सीसी (बांधकाम सुरू करायची परवानगी) आणि ओसीची प्रत घेऊन महापालिकेच्या नगररचना विभागात जाऊन ती खरी आहे का हे लेखी विचारा, आणि स्वतःचा वकील करा, एजंटने आणलेला नको. वकिलाला तीस वर्षांचा सर्च, म्हणजे मालकीच्या जुन्या नोंदींचा शोध, काढायला सांगा. ह्याला पंधरा-वीस हजार गेले तरी जाऊ देत. स्टॅम्प ड्युटीत बाईच्या एकटीच्या नावावर घर घेतलं तर एक टक्का सवलत आहे, ७१ लाखांवर ते एकाहत्तर हजार होतात, पण मिस्टरांसोबत जोडनावाने घेतलं तर मिळत नाही, तर लोनमध्ये कोण आणि घरावर कोण हे बँकेला आधी विचारून ठरवा.

आणि मिस्टरांचा उत्साह मोडू नका. त्यांना खरंच विमानतळाच्या बाजूला पैसे लावावेसे वाटत असतील तर दोन वर्षं तिथली भाडी बघत राहा म्हणावं, दर सहा महिन्यांनी तीन फोन, एक वही. भाडी खरंच चढली तर तेव्हा लहानसं काही बघता येईल, राहतं घर त्यात न घालता. बदलापूरचीच ओढ असेल तर अकरा महिन्यांच्या लीव्ह लायसन्सवर तिथे राहून बघा, त्यात एक पावसाळा आणि एक मे महिना आलाच पाहिजे.

ह्या आठवड्यात एकच काम करा. सोसायटीच्या सेक्रेटरींना भेटा, ओसी, कन्व्हेयन्स आणि शेअर सर्टिफिकेट ह्या तीन कागदांचं काय ते विचारा, आणि दुसऱ्या एखाद्या एजंटला तुमच्याच बिल्डिंगमधला मागच्या दोन वर्षांत रजिस्टर झालेला व्यवहार कितीला झाला ते काढायला सांगा, इंडेक्स टू वर, म्हणजे रजिस्ट्रेशन ऑफिसच्या व्यवहाराच्या उताऱ्यावर, दिसतो. तो आकडा आला की मला लिहा, ठाकुर्लीच्या फ्लॅटचं अ‍ॅग्रीमेंटही पाठवा, मी वाचून सांगेन. आणि तो फ्लॅट बघायला परत जाल तेव्हा सासूबाईंना घेऊन जा, जिना, लिफ्ट आणि खालची भाजीची गाडी त्यांना बघू देत.